साडेतीन हात माती : बडोद्यात मातीवर देहाचा ठसा उमटवताना

माणसाचा देह साडेतीन हाताचा, असं आपण सहज म्हणून जातो. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि तेही ज्याचं त्याचं. जानेवारीत आम्ही चौघांची मापं घेतली तेव्हा सगळी साडेतीन ते पावणेचारच्या मधे बसली. त्या मापाचा ओटा मातीचा घालायचा, त्यावर एकीने पाठ टेकून निजायचं, उठल्यावर मागे राहील तो ठसा उन्हापावसावर सोडून द्यायचा आणि नंतर त्यात धान्य पेरायचं, एवढीच कल्पना होती. कल्पनेला अर्धा तास लागला, कामाला नऊ महिने. पुढे कुणाला असं काही करावंसं वाटलं तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा होऊ नयेत, म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहून ठेवते आहे.

पहिला विचार अर्थातच विश्वामित्रीच्या काठाचा होता. नदी, ओली माती, झाडं, सगळं तिथेच आहे. पण त्या काठावर मगरी आहेत. थंडीत सकाळी त्या उन्हाला वर येऊन पडतात, काठाच्या मातीतच बिळं करतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ. म्हणजे आपल्याला काम करायला जे महिने बरे, नेमके तेच त्यांचे. शिवाय मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिच्या काठावर खोदकाम म्हणजे नसती आफत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काठ कुठवर खचला होता तेही ताजं होतं. तेव्हा नदी सोडली आणि भायलीकडच्या रस्त्याला एका न्यासाची बाग आहे, तिथे अर्ज केला.

कागद

अर्ज ६ जानेवारी २०२५ ला दिला, गुजरातीत. इथे कुठेही अर्ज करायचा तर गुजरातीतच करावा, मराठीत किंवा इंग्रजीत दिला तर कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत तो टेबलावर पडून राहतो. १४ आणि १५ उत्तरायण आणि वासी उत्तरायण, त्यामुळे तो आठवडा सोडूनच द्या. २२ ला जागेची पाहणी झाली आणि १७ फेब्रुवारीला पत्र हातात आलं. मधे तीन फेऱ्या.

पहिल्या अर्जात आम्ही "मानवाकृती शिल्प" असं लिहिलं होतं. ते वाचून समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "कोणाचा पुतळा?" पुतळा म्हटलं की वेगळ्या परवानग्या, वेगळी समिती, उद्घाटन कोण करणार इथपर्यंत गोष्ट जाते. दुसऱ्या अर्जात "आडवी मानवाकृती" लिहिलं, तर ती समाधी किंवा कबर वाटेल अशी शंका निघाली, आणि खरं सांगायचं तर शंका रास्त होती. शेवटी "मातीचा तात्पुरता ओटा, त्यावर शरीराचा ठसा, पावसाळ्यात आपोआप विरघळणारा" हे शब्द चालले. सोबत मापं घातलेला हाताने काढलेला नकाशा जोडला : २१० सेंमी लांब, ९० रुंद, १५ उंच. नकाशा जोडल्यावर प्रश्न एकदम कमी झाले.

हमीपत्रात चार गोष्टी मागितल्या होत्या. सिमेंट आणि प्लास्टर जागेवर वापरणार नाही. पाणी साचू देणार नाही. काम संपल्यावर जागा पूर्ववत करून देऊ. आणि ठसा देणाऱ्या व्यक्तीचं लेखी संमतीपत्र, त्यात फोटो कुठे वापरायचे तेही. यातली पाणी न साचू देण्याची अट तेव्हा आम्ही न वाचताच सही केली, जूनमधे ती आठवली. अनामत ५,००० रुपये, परत मिळणारी. पावतीची झेरॉक्स दोन जागी ठेवा.

माती

बडोद्याच्या आसपास दोन मात्या सहज मिळतात. करजणकडची काळी, कपाशीची. आणि महीच्या बाजूची, सिंधरोटकडची गोराडू, भुरकट, वाळूचा अंश जास्त असलेली. दोन्हीतली एकही एकटी चालत नाही.

आधी बाटलीची चाचणी. सरळ बाजूची काचेची बाटली तिसरा हिस्सा मातीने भरायची, वर पाणी, चिमूटभर मीठ, झाकण लावून जोरात हलवायची आणि टेकवून ठेवायची. मिनिटाभरात वाळू खाली बसते, काही तासांत पोयटा, आणि चिकणमाती खाली बसायला दिवस लागतो. थरांच्या रेषा बाटलीवर पेनाने आखून घ्या. काळीच्या बाटलीत निम्म्याच्या आसपास चिकणमाती दिसली, गोराडूत ती बोटभरही नव्हती.

मग विटा. २० सेंमी लांबीच्या साच्यात वेगवेगळ्या मिश्रणांच्या विटा पाडल्या आणि सावलीत दहा दिवस वाळवल्या. नुसत्या काळीची वीट २० वरून १८.२ वर आली आणि मधोमध उभी तडकली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते, उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. नुसत्या गोराडूची वीट १९.७ राहिली, पण कोपऱ्यावर अंगठा दाबला की भुगा. एक घमेलं काळी, दोन घमेली गोराडू, अर्धं घमेलं गव्हाचा भुसा आणि पाव घमेलं शेण, हे मिश्रण १९.४ वर थांबलं आणि खांद्याच्या उंचीवरून टाकलं तरी दोनच तुकडे झाले. तेच धरलं. म्हणजे शंभराला तीन आक्रसणार. हा आकडा तेव्हा आम्हाला लहान वाटला.

माती ट्रॉलीने मागवलीत तर ट्रॅक्टरवाल्याकडून रॉयल्टीची, म्हणजे मातीचं सरकारी शुल्क भरल्याची, पावती मागून घ्या, बागेच्या फाटकावर ती विचारतात. गोराडूची ट्रॉली पोचवून १,८०० ला पडली, काळी बारा गोणी ६०० ला. ट्रॉलीत लागते त्यापेक्षा खूपच जास्त माती येते. उरलेली माळीदादांना हवीच असते, आधी विचारून ठेवा, संबंध चांगले राहतात.

काळी माती खड्ड्यात दोन दिवस भिजवायची, कोरडी तुडवायला गेलं तर ढेकळं आतून कोरडीच राहतात. गोराडू ६ मिमीच्या चाळणीतून काढायची. हे टाळू नका. आमच्या मातीत गांडा बाभळीचे (म्हणजे वेड्या बाभळीचे) काटे निघाले, काचेचे दोन तुकडे निघाले, आणि या मातीत पुढे अनवाणी उतरायचं असतं. तुडवण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे की नाही ते बघा, आणि पायाला चिरा किंवा जखम असेल त्याने शेणाच्या मातीत उतरूच नये. एका घाण्याला, म्हणजे साधारण सहा घमेल्यांना, दोन माणसांनी चाळीस मिनिटं तुडवावं लागतं. टाचेने दाबायचं, तळव्याने ओढायचं, कडेची माती फावड्याने मधे घ्यायची. सुरुवातीला पायाखाली भुसा वेगळा टोचतो, नंतर टोचेनासा होतो, तेव्हा माती झाली असं समजा. मग गोणपाटाखाली आठवडाभर आंबवत ठेवायची. वास येतो, शेजारच्या बाकावर कुणी बसत नाही. पण भुसा कुजून चिकटपणा येतो आणि आठव्या दिवशीची माती आणि पहिल्या दिवशीची माती यांत हाताला स्पष्ट फरक लागतो.

प्लास्टरचा वळसा

९ मार्चला आम्ही एक चूक केली, ती पैसे घालून केली म्हणून सविस्तर सांगते. वाटलं होतं की पाठीचा साचा प्लास्टरच्या बँडेजमधे काढावा, तो घरून घेऊन जावा, आणि त्याने मातीत छाप मारावी. म्हणजे ओल्या मातीत कुणाला निजायला नको.

हाडमोडीला वापरतात तीच बँडेज, १५ सेंमी रुंद, २.७ मीटर लांब, औषधाच्या दुकानात मिळतात. १८ लागली, ७० रुपयांनी १,२६०. अंगाला व्हॅसलीन, केस झाकलेले, हातभर लांबीचे तुकडे कोमट पाण्यात बुडवून चार थर, कडेला सहा. पाणी जितकं गरम तितकं प्लास्टर लवकर धरतं आणि तितकंच जास्त तापतं. बँडेजचा पातळ थर फक्त उबदार लागतो. पण भांड्यात प्लास्टर कालवून त्यात हात किंवा पाय बुडवायचा प्रकार कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. जाड थरात ते ६० अंशांपर्यंत तापतं आणि धरल्यावर हात बाहेर निघत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलीची बोटं अशीच गेली.

साचा मधोमध, मणक्याच्या रेषेत तडकला. कारण साधं होतं : पालथं निजलेल्या माणसाचं पोट जमिनीला दाबलं जातं, मग श्वास पाठीत येतो, आणि प्लास्टर धरत असतानाच पाठ वरखाली होते. छातीखाली एक आणि ओटीपोटाखाली एक अशी उशी दिली असती तर पोट मोकळं राहिलं असतं. दुसऱ्यांदा करून पाहिलंही असतं. पण तोवर लक्षात आलं की हा मार्गच आपला नाही. प्लास्टर कातडीवरची रंध्रंसुद्धा उचलतं, आणि आमच्या मातीत पाच-पाच सेंमीचा भुसा. जे माती धरूच शकत नाही ते साच्यात कशाला हवं? आणि दुसरं म्हणजे पालथ्या निजलेल्या माणसाची पाठ ही उताण्या निजलेल्या माणसाची पाठ नव्हेच. उताणं निजलं की जमीन मांस बाजूला ढकलते, फरे, म्हणजे खांद्यांची मागची पाती, पसरतात, कंबर उचलली जाते. आम्हाला हवा होता तो जमिनीने घडवलेला आकार, आणि तो जमिनीवरच मिळणार.

प्लास्टरचे तुकडे बांधकामाच्या राड्यारोड्यात दिले. पीओपीच्या मूर्तींबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना आहेत, त्या गणपतीला लागू आणि पाठीच्या साच्याला नाही असं मानायचं कारण नाही.

पहिला ओटा, आणि दोन भेगा

होळी-धुळवड आटोपून १४ ला ओटा घातला आणि १६ मार्चला पहाटे ठसा घेतला. जमीन पाणी मारून ठोकली होती, त्यावर थेट माती. ठसा सुरेख आला. पाचव्या दिवशी आडवी भेग पडली, कुल्ल्यांच्या खळग्यातून, आणि सातव्या दिवशी दुसरी, मानेतून. बोट जाईल एवढी.

तीन टक्के म्हणजे लहान आकडा, असं वाटलं होतं ना? २१० सेंमीला तीन टक्के म्हणजे सव्वासहा सेंमी. ओट्याचा वरचा भाग वाळताना सहा सेंमी आखूड व्हायला बघतो, खालचा भाग ओल्या ठोकलेल्या जमिनीला घट्ट चिकटून जागचा हलत नाही. मग तो जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे तुटणार. शरीर जिथे खोल रुततं तिथेच ओटा पातळ होतो.

उपाय गवंड्याला माहीत असतो, आम्हाला नव्हता : ओट्याखाली तीन सेंमी कोरडी वाळू पसरायची. वाळूवर ओटा सरकतो, आक्रसायचं तेवढं अखंड आक्रसतो. वाळू ३०० रुपयांची. पहिला ओटा फोडला, भिजवला, पुन्हा तुडवला. मातीचं हे एक बरं असतं, फुकट काही जात नाही, श्रम सोडून.

निजणं आणि उठणं

पाडवा ३० मार्चचा. १ एप्रिलला दुसरा ओटा घातला, सुमारे ५०० किलो ओली माती, थापीने सारखी केली, ओलं गोणपाट टाकून दोन रात्री ठेवली. ३ एप्रिलला सकाळी साडेसहाला ठसा.

मातीची वेळ साधणं हे सगळ्यात महत्त्वाचं. अंगठा साधारण जोराने दाबला की दोन सेंमी रुतला पाहिजे आणि काढल्यावर भोक तसंच राहिलं पाहिजे. त्याहून ओली असेल तर शरीर सरकतं आणि कडा फुगून वर येतात. सुकी असेल तर फक्त टाचा आणि डोक्याचा मागचा भाग उमटतो. एप्रिलच्या हवेत ही वेळ जेमतेम तीन-चार तास टिकते.

माती कातडीला धरून ठेवते, उठताना चळ्ळकन आवाज येऊन कडा उखडतात. म्हणून मधे मलमल, पाण्यातून पिळून काढलेली, एकही सुरकुती न ठेवता. कपडे अंगाबरोबरचे हवेत, सैल कुर्त्याच्या चुण्या पाठीपेक्षा ठळक उमटतात. निजणारी १६२ सेंमी, ५८ किलो. आधी टाचा, मग बसणं, मग दोघांनी खांद्यांना आधार देऊन एकेक मणका टेकवत मागे. एकदा टेकल्यावर हलायचं नाही. बारा मिनिटं. ओली माती अंगातली ऊब ओढून घेते, सातव्या-आठव्या मिनिटाला हुडहुडी भरते आणि त्या थरथरीने खांद्याच्या कडा जातात. वरून कोरडी चादर घातली तर फरक पडतो. रिकाम्या पोटी मुळीच निजू नये.

आणि मग उठणं. पहिल्या खेपेला याचा विचारच केला नव्हता. माणूस उठताना आपोआप कोपर टेकतो, आणि पहिल्या ओट्यात डावीकडे कोपराचं अख्खं भोक पडलं होतं. या वेळी ओट्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंची तिवई उभी केली, वर छातीच्या रेषेत आडवा बांबू. तिने तो धरला, दोघांनी मनगटांना आधार दिला आणि ती हात सरळ ठेवून वर आली, कंबर, कुल्ले, मग पाय उचलून थेट बाजूच्या फळीवर. श्वास सगळ्यांचेच रोखलेले. मलमल पायाकडून डोक्याकडे, जवळजवळ आडवी ओढत काढली. सरळ वर उचलली तर पापुद्रा निघतो.

खाली जे दिसलं ते कुठल्याच चित्रातल्या माणसासारखं नव्हतं. टाचांचे दोन वाटीएवढे खळगे, पाच सेंमी खोल. पोटऱ्या उथळ, गुडघ्यांच्या मागे काहीच नाही. कुल्ले चार सेंमी, मग कंबरेपाशी माती तशीच उंच, पुलासारखी, कारण कंबर जमिनीला लागलीच नव्हती. फऱ्यांचे दोन पंखे. मान नाही. डोक्याची वाटी. मूर्तिशास्त्रात नवताल माप आहे, बारा अंगुळांचा एक ताल असे नऊ, म्हणजे १०८ अंगुळांचा देह. उभ्या देहाचं ते माप. निजलेल्या देहातलं जमिनीला किती लागतं त्याचा हिशेब तिथे नाही. ठसा वाळल्यावर आम्ही त्यात लोट्याने मोजून पाणी ओतलं : ११ लिटर मावलं. ५८ किलोचा देह म्हणजे जवळजवळ तेवढेच लिटर आकारमान, त्यातले अकरा जमिनीकडे राहिले.

अशा कामाची वाट आना मेंदिएताने फार आधी पाडून ठेवली आहे. हवानात जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली. १९७३ पासून पुढची काही वर्षं तिने आयोवात आणि मेक्सिकोत माती, वाळू, फुलं, गवत यांत आपल्या शरीराच्या आकृत्या केल्या. जागेवर काही राहिलं नाही, फोटो राहिले. म्हणून फोटोबद्दल एक अगदी व्यावहारिक सूचना. भर दुपारी ठसा फोटोत सपाट दिसतो. सकाळी सातला, ऊन बाजूने तिरपं पडत असताना काढा. आणि खळग्यातली सावली त्याच्या वरच्या कडेला येईल असा फोटो धरा. उजेड वरून येतो असं डोळा गृहीत धरतो. फोटो उलटा धरला की खळग्याचा उंचवटा दिसायला लागतो, आणि लोक विचारतात, "ही कोण झोपली आहे?"

वाळवण, कुत्रा आणि नारळ

पहिले तीन दिवस ओलं गोणपाट, रोज सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. नंतर तीन आठवडे हिरवी जाळी. बारीक केसासारख्या भेगा पडल्याच. त्या भरताना पातळ काला ओतायचा मोह होतो, पण तो वाळला की पुन्हा आक्रसतो आणि तीच भेग परत येते. भेग सुरीने इंग्रजी व्हीसारखी रुंद करायची, ओली करायची, आणि घट्टसर माती ठोकून बसवायची. २४ एप्रिलला मोजलं तेव्हा ओटा २०४ सेंमी भरला आणि ठसा टाचेपासून डोक्यापर्यंत १५७. पाच सेंमी माती खाऊन गेली. वरून काळी माती आणि शेणाचा बोटाच्या पेराएवढाही नाही असा पातळ हात फिरवला. छोटाउदेपूरकडे राठवा आदिवासींच्या घरात पिठोरा, म्हणजे त्यांचं भिंतीवरचं चित्र, लिहिण्याआधी भिंत अशीच शेणामातीने लिंपतात, त्यावर पांढरा हात देतात. आम्ही पांढरा दिला नाही.

मे महिना उन्हाचा, त्यात मधेच अवकाळी पाऊस. जाळीवर ताडपत्री बांधली होती म्हणून निभावलं. एका दुपारी बागेतला पिवळा कुत्रा ठशात झोपलेला सापडला, कुल्ल्यांच्या खळग्यात वेटोळं करून, अगदी मापात. गारवा तिथेच होता, त्याची निवड चुकीची म्हणता येणार नाही. कडेला बाभळीचे फाटे लावले तर तो फऱ्यांच्या बाजूने यायला लागला. शेवटी आम्ही नाद सोडला. त्याच आठवड्यात कुणीतरी डोक्याच्या वाटीत जास्वंदीचं फूल आणि नारळ ठेवून गेलं. माळीदादा म्हणाले, "नारळ उचला, नाहीतर उद्या दिवा येईल, परवा दानपेटी." अर्जातल्या "तात्पुरता" या शब्दाची किंमत तेव्हा कळली. तशी १९५० पासून फाइन आर्ट्सची शाखा असलेलं हे गाव, स्कूटरवरून मातीचा हात घेऊन जाणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. पण जमिनीवर आडवी आकृती दिसली की इथलाही माणूस चप्पल काढतो.

पाऊस

जूनच्या मध्यात पाऊस आला. पहिल्या सरीला एक जुना प्रयोग करून पाहिला. ब्रिटिश कलावंत अँडी गोल्ड्सवर्दी १९८४ पासून पाऊस सुरू होताना जमिनीवर निजून राहतो आणि उठल्यावर मागे कोरडी आकृती उरते. आमच्या फरसबंदीवर ती उमटली, पण आपल्या सरी त्यांच्या भुरभुर पावसासारख्या नसतात. ती आकृती तीन मिनिटंही टिकली नाही. ज्याला हे करायचं असेल त्याने थेंब सुटे असतानाच, मिनिटभर निजून उठावं आणि फोटो काढणारा आधीच उभा असावा.

ठशात पाणी भरलं. दिसायला ते इतकं सुंदर होतं की दोन दिवस आम्ही त्याकडे नुसते बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी हमीपत्र आठवलं. साचलेल्या पाण्यात डास अंड्यापासून पंखांपर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि पावसाळ्यात त्याची तपासणी होते ती उगाच नाही. डाव्या टाचेच्या तळातून बोटभर जाड बांबूची पोकळ नळी तिरकी ठोकून बाहेर काढली. हे काम ओटा ओला असतानाच, एप्रिलमधे, करून ठेवायला हवं होतं. वाळलेल्या ओट्यात नळी ठोकताना टाच फुटली. ती सांधली, पण सांधा दिसत राहिला.

२७ जूनला, रथयात्रेच्या दिवशी, पेरलं. गहू, मूग, तीळ आणि ज्वारी, सगळं मिळून दीडशे ग्रॅम, तीळ सोडून बाकीचं बारा तास भिजवलेलं. खळग्यात नाही, पाणी धरतं तिथे बी कुजतं. कडेने चार बोटं रुंद पट्टा, वर बोटाच्या पेरभर भुसभुशीत गोराडू, आणि कबुतरांसाठी आठ दिवस जाळी. मूग तिसऱ्या दिवशी वर आले, गहू चौथ्या. ६ जुलैला आषाढी होती आणि त्याच दिवशी इथल्या मुलींचं मोळाकत, म्हणजे गौरीव्रत, सुरू झालं. अळणी जेवून पाच दिवस जवारे, म्हणजे पेरलेल्या धान्याचे कोंब, पूजणाऱ्या मुली बागेत आल्या की ओट्याभोवती जमायच्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एकीने फक्त विचारलं, "आ कोण सूतुं छे?" (हे कोण झोपलंय?) दुसरीच म्हणाली, "सूतुं नथी, ऊठी गयुं." (झोपलेलं नाही, उठून गेलं.)

जुलै-ऑगस्टमधे कडा बसत गेल्या. आधी डोकं गेलं, मग पोटऱ्या, मग ती सांधलेली टाच. शेवटपर्यंत टिकले ते कुल्ले आणि फऱ्यांची जागा. कंबरेचा पूल ऑगस्टच्या अखेरीस वाहून गेला.

खर्च, अनामत सोडून : माती दोन्ही मिळून २,४००, वाळू ३००, भुसा ३००, प्लास्टर बँडेज १,२६०, मलमल २७०, बांबू ४८०, हिरवी जाळी ४२०, गोणपाट २००, दोन दिवसांचा मजूर १,४००, बी १२०. एकूण ७,१५०. प्लास्टरचा नाद केला नाहीत तर ५,८९०. शेण माळीदादांनी दिलं, ताडपत्री घरची.

२२ सप्टेंबरला घटस्थापना होती. आदल्या दिवशी दांडियाबाजारातल्या चार-पाच जणी पिशव्या घेऊन आल्या, घटाखाली घालायला चाळलेली, आंबवलेली, काटे-काच नसलेली माती आयती कुठे मिळते! ओट्याचा जवळजवळ निम्मा भाग असा गेला. उरलेला खोदून पसरला आणि जागा पूर्ववत झाल्याचा अर्ज दिला. आठवड्याने न्यासाचे ते अर्ज घेणारे गृहस्थ पाहणीला आले तेव्हा ओट्याच्या कडेला पेरलेली ज्वारीची नऊ ताटं कमरेच्या वर गेली होती, तीन निसवली होती. ती मुद्दाम ठेवली होती, खोदताना उपटली नाहीत. गृहस्थांनी नकाशा काढून पाहिला. नकाशात ज्वारी नव्हती. त्यांनी माळीदादांना विचारलं, माळीदादांनी आमच्याकडे बघितलं. मग त्यांनी पत्रावर "जागा पूर्ववत, नऊ ताटं कापणीपर्यंत ठेवावीत" असा शेरा मारला आणि खाली सही केली. अनामत दिवाळीच्या आत पूर्ण परत मिळाली.